मोजणीचा दिवस

नोटीस आली तेव्हा वाठोड्यात सत्तेचाळीस डिग्री होतं
आणि शेवंता डोंगरे खुराड्यावर
ओलं पोतं टाकत होती.

कागद मी वाचला. गल्लीत कागद मीच वाचते,
अंगणवाडीत तेवीस वर्षं काढल्याची शिक्षा.
घरटी दहा पक्षी. अकरावा असल्यास परवाना.
खुराडं शेजाऱ्याच्या भिंतीपासून पाच मीटर लांब.

"पाच मीटर?" सादिकभाई म्हणाला,
"मायं घरच तीन मीटरचं आहे, मॅडम."

तक्रार कोणाची, ते सगळ्यांना ठाऊक.
कोपऱ्यातले खोब्रागडे, एसटीतून रिटायर.
चौतीस वर्षं पहाटेच्या पहिल्या गाडीत तिकिटं फाडली,
आता त्यांना झोपायचं होतं,
आणि उईकेंचा तांबडा कोंबडा
अजून जुन्याच वेळापत्रकावर होता.

रात्री लाइट गेलेली. शेवंताच्या ओट्यावर
पुठ्ठ्यानं वारा घेत आम्ही हिशेब मांडला:
तिच्या एकोणीस,
उईकेंचे कोंबड्यासकट चौदा,
सादिकभाईच्या अकरा, त्यातली एक खुडूक,
खुडूक मोजायची की नाही यावर अर्धा तास.
आणि ती कबरी,
दाणे खाते शेवंताकडे,
झोपते उईकेंच्या टिनावर,
अंडं घालते माझ्या शिलाई मशीनखाली.
कोणाची म्हणून लिहायची?
"तिलेच विचारा ना," उईकेंची सुमित्रा म्हणाली,
आणि मग तिनंच सांगितलं: वाटून घेऊ.

प्रेसवाला गजानन चार घेतो म्हणाला, एका दिवसापुरत्या.
मी कबरी धरून सहा.
तिवारीणबाईंच्या घरी अंडं चालत नाही.
त्यांनी चार घेतल्या. "पालनेमें क्या है," म्हणाल्या,
"खाना थोडेही है."
चव्वेचाळीस बसले.
उरला तांबडा.
त्याला कागदावर घ्यायला कोणी तयार होईना,
तक्रार त्याच्याच नावाची होती.

साहेब अकराला आला, तोंडाला रुमाल, बगलेत रजिस्टर.
प्रत्येक दारात एक डालगं, प्रत्येक डालग्यावर
जरा जास्तच निरागस चेहरा.
तिवारीणबाईंनी तर त्यांच्या चौघींना
नावंसुद्धा ठेवून टाकली होती.
तो मोजत गेला. दहा. दहा. दहा. चार.
अंडी मोजायची का, मी विचारलं.
"अंड्यांचा रकाना नाही," तो म्हणाला.

तांबड्याला आम्ही बाथरूममध्ये बांधलं होतं.
सुतळी तिथंच होती.
तो सापडला खोब्रागडेंच्या अंगणात,
कुलरच्या गळक्या नळीखाली,
चोच उघडी, पंख अंगापासून सुटे,
नुसता धापत.

"हा कोणाचा?"

गल्ली आपल्या चपला पाहत राहिली.
खोब्रागडे बनियनवर दारात उभे.
साहेबानं पानं उलटली. "तुम्हीच ना तक्रारदार?"
त्यांनी कोंबड्याकडे पाहिलं. बराच वेळ.
मग वाकून नळी जरा सरळ केली,
धार त्याच्या डोक्यावर नीट पडावी म्हणून.
"सुटे नसले की आपण तिकिटामागं लिहून देतो," ते म्हणाले,
"तसं लिहा. एक बाकी, माझ्याकडे."

साहेबाला कळलं नाही. त्यानं लिहिलं:
खोब्रागडे, नर, एक.

संध्याकाळी डालगी आपापल्या घरी परत गेली,
तिवारीणबाईंकडून तीनच.
चौथीबद्दल शेवंतानं विचारलं नाही.
खोब्रागडे स्टीलची वाटी घेऊन आले,
"काय खाते हा?" एवढंच.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला तो आरवला.
कोपऱ्यावरच्या घरात लाइट लागला,
चहाचं भांडं वाजलं,
आणि कोणीतरी कोणाला तरी
हळू आवाजात शिवी दिली, जशी घरच्याला देतात.

कबरी आता सरकारदरबारी माझी आहे.
तिनं त्या दिवशीचं अंडं
तिवारीणबाईंच्या तुळशीच्या कुंडीत घातलं.
त्यांनी ते कुठं नेलं, मी विचारलं नाही.