न्याहारीआधीचं भांडण

ट्रॉन्हाइमला नोव्हेंबरात उजाडतं आठ वाजून गेल्यावर,
रांगफ्रिडची बोटं उजाडतात दहाला.
तोवर ती मुकी.

ऐकू तिला जन्मापासूनच येत नाही,
पण मुकी ती कधीच नव्हती.
सगळी जीभ दोन हातांत, आणि चांगलीच तिखट.
आता सकाळी मनगटं फुगलेली, पेरं आखडलेली,
'कॉफी' म्हणायलासुद्धा दात आवळावे लागतात.
ओडवार समोर बसतो,
तिचा शब्द पुरा व्हायच्या आत
अंदाजानं मान डोलावतो.
सांध्यांपेक्षा ते जास्त ठणकतं.

डॉक्टर तुवा सांधे मोजते. अठ्ठावीस.
दाबते, चेहरा वाचते, लिहिते.
हा आकडा, म्हणते, तीनच्या खाली आणू,
जमलं तर अडीचपर्यंत. हे आपलं ध्येय.
दुभाषी इंगेर 'ध्येय' दाखवते:
एक बोट उभं, दुसरं त्याच्या दिशेनं निघालेलं.
रांगफ्रिड बघत राहते.
किती सरळ आहेत इंगेरची बोटं.

"पण हे झालं माझं," तुवा म्हणते. "तुमचं काय?"

गोळी बुधवारची; गुरुवार मळमळीत बुडतो.
इंजेक्शनही आहे,
मग रक्त तपासत राहायचं, साध्या तापालाही भ्यायचं.
तुवा काही लपवत नाही.
आकडा उतरेल, किंवा मध्येच कुठेतरी अडून बसेल.

रांगफ्रिड हात उचलते,
घसा बसलेल्या माणसानं बोलावं तशी:
ओडवारशी भांडायचंय मला.
न्याहारीच्या आधी.
अख्खं वाक्य, शेवटच्या टोमण्यासकट.

इंगेर हसू गिळत ते आवाजात आणते.
तुवा हसत नाही. टाइप करते:
सकाळी सात. अख्खं वाक्य.
"आणि त्यासाठी गुरुवार द्याल?"

गुरुवारी संध्याकाळी क्लबात पत्ते असतात.
गुरुवार नाही, रांगफ्रिड म्हणते,
शुक्रवार घ्या. शुक्रवारचं एवढं काही नाही.

मग गोळी एक दिवस पुढे सरकते.
तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं,
दोघींनी, आपापलं.

बाहेर बर्फाचा चिखल. ओडवार गाडीपाशी उभा.
काय म्हणाली? त्याच्या भुवया विचारतात.
थांब, ती खांद्यानं सांगते,
आणि दातांनी हातमोजा ओढू लागते,
एक बोट, दुसरं बोट.

ओडवार मान डोलावतो.