दहा ठिकाणी

आम्ही पाचपावलीचे. आडनाव निनावे.
काका म्हणतात, निनाव्याच्या पोरीनं
धंदाही निनावीच शोधला.
खरं आहे, मराठीत त्याला शब्द नाही.
आई शेजारणीला सांगते, "पायाची डॉक्टर होऊन राहिली."
"हाडाची?"
"नाही वं. पायाची."
शेजारीण आपल्या चपलेकडे बघते
आणि चहा संपवते.

तीन पत्रं आली आहेत.
क्लीव्हलँडची फी वाचून बाबांनी चष्मा पुसला
आणि पुन्हा तीच फी वाचली.
ऑकलंडला मामेबहीण आहे, थोडी शिष्यवृत्तीही.
ती म्हणते ये गं, इथं लोक दुकानातसुद्धा अनवाणी फिरतात.
ग्लासगोत पैसे त्यातल्या त्यात कमी,
ओळखीचं कुणी नाही,
उत्तर द्यायला नऊ दिवस.

अंथरूण पाहून पाय पसरावे, असं काका म्हणाले.
बँकेतल्या साहेबांनी तेच
तारण या शब्दात सांगितलं.
मी बाबांना एकेक विचारलं.
क्लीव्हलँड? हाव.
ग्लासगो? हाव.
ऑकलंड?
हाव ना, तिथं तर आपली प्रणोती आहे.

दीड वर्षापासून मी धंतोलीत
मधुमेहाच्या दवाखान्यात ड्रेसिंग करते.
गेल्या मे महिन्यात कळमन्याहून यादोराव आले,
आंब्याच्या पेट्या उतरवणारे.
पेटीचा खिळा चपलेतून तळव्यात शिरलेला,
त्याच्यावर ते तीन दिवस चालले.
दुखलं म्हणून आले नाहीत.
फरशीवर टकटक वाजते म्हणून
सुनेनं पाठवलं.
अंगठा गेला.
अर्जात मी त्यांचं नाव घातलं नाही.
सगळेच असं कुणीतरी घालत असतील.

काल रात्री कूलरमध्ये पाणी भरून बाबा बसले.
आधी माग, पाय खाली खड्ड्यात, पावडीवर.
माग भंगारात गेला तेव्हापासून
वर्धा रोडच्या शोरूमच्या दारात
बारा तास उभे. साहेब लोकांसाठी दार ओढतात.
मी दवाखान्यातला नायलॉनचा दोरा काढला.
म्हटलं, डोळे मिटा,
जाणवलं की सांगा.
"तुझ्यासमोर कसा ठेवू पाय?"
ठेवा.

अंगठा. हाव.
टाच. हाव.
करंगळीखाली.
हाव.
दोरा मी अजून हवेतच धरला होता.

मग खरंच टेकवला. वाकेपर्यंत टेकवला.
कूलरचा आवाज.
बाबांचे मिटलेले डोळे,
पेपरात काय विचारलं तेच न कळलेल्या पोरासारखा चेहरा.
बऱ्याच वेळानं, अंदाजानं,
माझं मन राखायला:
"हाव."

हाताला लागला त्या कागदाच्या पाठीवर
मी तळवा काढला, दहा गोल.
सहांत बरोबरची खूण, चारांत फुली.
शुगर कधी पाहिली होती?
"पाहू ना. तू गेल्यावर पाहू निवांत."
आई स्वयंपाकघरातून म्हणाली, तो जोडा चावतो त्याईले,
म्हणून बरं झालं, आताशा चावत नाही.

सकाळी उपाशीपोटी त्यांना स्कूटीवर मागे बसवून
धंतोलीत आणलं. रक्त दिलं.
कागद फाईलला लावताना उलटा झाला:
क्लीव्हलँड. आनंदानं कळवतो की.
असू दे, म्हटलं. पंच केला, लावला.

रिपोर्टला दोन तास.
बाबा बाकावर, यादोरावांच्या जागी,
तर्री पोह्याचा वास आला की दाराकडे बघणारे.
पाय मात्र बाकाखाली ओढून घेतलेले.

मी काउंटरवरच्या कॉम्प्युटरवरून
ग्लासगोला लिहिलं.
इंग्रजीत, नीट, खाली पूर्ण नाव.
मनातल्या मनात एवढंच: हाव.

पाठवल्यावर बघत बसले,
जाणवलं होतं का
खरंच.