दुभाषी

गाडीत पायपुशीवर ओली वाळू.
मी काल कुरुमच्या किनाऱ्यावर गेले नव्हते.
मीटरवर मात्र एकोणीस किलोमीटर जास्त,
आणि कागदी कपात उरलेला करक चहा, गोडमिट्ट.
मला साखर सोडून चार वर्षं झाली.

रेसिडेंट कार्डावर एकच नाव आहे, कुंदा वसंत तारकर.
नूतनीकरणाला गेलं की काचेवर अंगठा ठेवायचा.
काच गार असते. हिरवा दिवा लागतो.
त्या मशीनला आमच्याबद्दल कधी शंका आली नाही.

कंपनीच्या विम्यात डोकं येत नाही, दात येतात थोडेसे.
म्हणून मंगळवारी रोख पंचवीस रियाल, पावती नको.
ऑफिसात सांगून ठेवलंय : पाठीचे व्यायाम.

डॉक्टर हातिम खार्तूमचे.
शब्द असे आणतात, जसा भरलेला ट्रे.
पहिल्याच महिन्यात मी विचारलं होतं,
गोळीनं जातील ना ही बाकीची?
म्हणाले, गोळी झोपेसाठी आहे.
आणि घालवायचं कुणाला,
ते आधी भेटून तरी ठरवू.

भेटले ते. मी नव्हते तिथे.
बेहेरे भेटले, जे माझे हिशेब लावतात
आणि माझ्या बांगड्या काढून ड्रॉवरमध्ये ठेवतात.
रात्री गाडी काढणारीनं नाव सांगितलं नाही.
मग एक आली, जिचं डॉक्टरांना काहीच कळेना.
सहा-सात वर्षांची.
खुर्चीखाली शिरली. बोलली ती फक्त मालवणी.

खालच्या मजल्यावरून, दातांच्या दवाखान्यातून,
सिस्टर परुळेकरांना वर बोलावलं.
वेंगुर्ल्याच्या. कुणाचा तरी दात अर्धा सोडून आल्या.

मी परतले तेव्हा त्या फरशीवर मांडी घालून बसलेल्या,
हातात माझी एक चप्पल.
डॉक्टर म्हणाले, तुमची परवानगी असेल तर सांगतो, ती काय म्हणाली.
मी हो म्हटलं, जसं फॉर्मवर सही करताना म्हणतात.

‘दिवो मालवू नको. पायांचो आवाज इलो.’

डॉक्टरांसाठी परुळेकरांनी त्याचं इंग्रजी केलं.
माझ्यासाठी मराठी करायला तोंड उघडलं
आणि मिटलं.

शाळेत शुद्ध बोलण्याचं बक्षीस मला मिळायचं, सलग तीन वर्षं.
‘इलो’चं ‘आला’ मी स्वतः केलं होतं,
घासून घासून, कुणी न सांगता.
ती राहिली तिथेच,
त्या दोन वाक्यांपाशी,
दिव्याच्या बटणाला हात न पुरणारी.

रुवीच्या खोलीवर आले. डोंगर दिवसभराचं ऊन ओकत होते.
पॅसेजमधला दिवा लावला.
लावून ठेवला.
काही बोलले नाही, बोलायचं कुठल्या भाषेत हेच कळेना.

सकाळी फ्रिजवरच्या वहीत
बेहेऱ्यांचं उभट, काटेकोर अक्षर :
पॅसेजचा दिवा रात्रभर चालू होता.
वीजबिल वाढेल.
असू दे. जुळवून घेईन.