घोळणा

एल आल्तोमधल्या पहिल्याच रात्री
माझा घोळणा फुटला.
चार हजार मीटरवरची हवा, कोरडी ठणठणीत,
आणि चादर सासूची,
लग्नासाठी पेटीतून काढलेली, पांढरी.

पहाटे गुपचूप केटल चढवली,
डागावर उकळतं पाणी ओतलं.
आमच्याकडे खाली, नदीकाठी,
सगळं गरम पाण्यानंच निघतं,
चिखल, कणकण, माशांचा वास.
इथं डाग तपकिरी झाला
आणि घरच्यासारखा बसला.

एउलोखिया दारात उभी.
"नाकातलं आहे," मी म्हटलं.
तिनं विचारलंच नव्हतं.

अंगणातल्या पिंपावरचा बर्फ तिनं मुठीनं फोडला.
पसाभर मीठ टाकलं.
"आता थुंक," म्हणाली,
"ज्याचं रक्त त्याचीच थुंकी लागते."
थुंकले. नव्या नवरीनं, सासूसमोर.
मग दोघींनी घासलं,
बोटं इतकी बधिर
की कुठली कुणाची, कळेना.

डाग पुरता गेला नाही.
नाण्याएवढा उरलाय, चहाच्या रंगाचा.
दर वेळी अंथरताना ती
काही न बोलता चादर फिरवून घेते,
डाग पायाशी,
विल्फ्रेदोच्या बाजूला.