एक भोक वर

नाल्याच्या रपट्यावर काल पुन्हा घासलं.
आरशात ठिणग्या दिसल्या
आणि मागच्या सहा पेट्यांत
सहा वस्त्या एकदम गुरगुरल्या.

आज निघण्याआधी उंची बदलायची.
धम्मदीप म्हणतो, "पेट्या काहून उतरवतं वं मावशी?
दोघं धरू, एका हिसक्यात वर करू."
नाई. आधी पेट्या खाली.
भरल्या अंगानं कोणाला उठवू नये,
ना म्हशीला, ना कॅरिअरला.

सोसायटीच्या गोदामापुढे गाडी घेतली,
जिथं सोयाबीन वाळत घालतात.
तेवढीच या गावात सरळ जमीन.
हँडब्रेक ओढला, गिअर टाकला,
चाकांना पुढून मागून दगड.
एकीकडे फुटका पाटाही कामी आला.
चावी माझ्या कमरेला.

कॅरिअरखाली बाभळीचे दोन ठोकळे,
मध्ये जॅक.
हे मोर्शीच्या नाक्यावर वहीदभाईनं शिकवलेलं,
वेल्डिंगची काच कपाळावर सारून:
"लोखंड रागवत नाई ताई.
ते फक्त खाली येते."
त्याचं एक बोट दुसऱ्या पेरावर संपतं.
त्या हातानं तो बशी कशी तोलतो
ते पाहूनच अर्धं शिकले.

पिन निघता निघेना.
डिझेलचा बोळा फिरवला, वाट पाहिली.
जॅकनं जरा भार घेतला
तशी आपोआप सुटली,
अडलेलं नाव आठवावं तशी.

भोकं ओळीत आली का
ते बोट घालून पाहायचं नाही.
टॉर्च मारायचा.
पलीकडं उजेड पडला की पिन.

"चार बोटांनं काय होते?"
चार बोटांनं रपटा पार होतो.
सायलेन्सरचा धूर पेटीच्या तोंडाशी जात नाही.
मागल्या हंगामात कोपऱ्यातली एक पेटी
वरुडला पोचेस्तोवर गप्प झाली होती.
उघडली तर मेण ओघळलेलं, आणि
तो 'आणि' मी कोणाला सांगत नाही.

अजून वर?
नको. तिथून मागचा लाल दिवा झाकतो,
मग रात्रीच्या रस्त्याला आपण नसतोच.

पिन बसली. क्लिप सापडेना.
"खिळा वाकवून टाकू," तो म्हणाला.
मी मातीत बसून टॉर्च फिरवत राहिले,
एक ट्रक गेला, दुसरा गेला,
देवळातली बाई हाक मारून विचारून गेली.
शेवटी क्लिप निघाली त्याच्याच खिशातून,
खर्र्याच्या पुडीला चिकटून.
काही बोलले नाही.
तोही नाही.

नट आवळले. दोन्ही हातांनी धरून
झोपल्या माणसाला हलवतात तसं हलवलं.
मग पेट्या, जड त्या गाडीच्या अंगाला,
तोंडाच्या जाळ्या तपासून, पट्टा करकचून.
भरल्यावर दोन बोटं खाली बसलं.
तेवढं हिशोबात धरलेलं होतं.

रपट्यावर दोघंही गप्प.
कान मागं.
नुसतं पाणी वाजलं.

पुढं अंबिया बहाराचा वास सुरू झाला
तिथं मी गाडी कडेला घेतली.
सांगायच्या आधीच धम्मदीप उतरला.
पिनवर टॉर्च मारला, क्लिप ओढून पाहिली.
"आहे," म्हणाला.
मग टॉर्च विझवून
एका पेटीला कान लावून उभा राहिला,
पाहायला लागते त्याहून
अंमळ जास्तच.