हातचा एक

पहिल्यांदा तिच्यासमोर बसलो तेव्हा
बंद पडलेल्या मासळी-कारखान्यातली बर्फाची खोली होती ती,
भिंतींना अजून कॉडचा वास.
कोट काढू नकोस, दिरलेव्ह म्हणाली,
मला आतला माणूस हवाय, पण कोटासकट.

शेगडी एकच, तीही रंगांच्या बाजूला.
तेल गोठलं तर काम अडतं,
माणूस गोठला तर जरा स्थिर बसतो.

आमच्याकडे रंगवायला काय कमी आहे?
धबधबे आहेत, काळ्या राखेचे डोंगर,
रात्री आकाशात हिरवा पडदा कुणी झटकावा तसा उजेड,
बसमधून उतरणारे पाहुणे तेच तर विकत नेतात.
डोंगर काढ, बाप तिला सांगायचा,
डोंगर कधी भांडायला येत नाही की मी असा दिसत नाही म्हणून.
तिने काढली
पेट्रोल पंपावर सॉसेज विकणारी हाल्बेरा,
जांभई अर्धी आलेली.
गरम कुंडात मानेपर्यंत बुडालेले चार म्हातारे,
डोक्यांवर बर्फ साचतोय
आणि भांडण चाललंय बंदराच्या भाड्यावरून.
पोलंडहून आलेली बोगुमिला, रबरी बूट काढताना,
एक पाय हवेत.
बाप तिने एकदाच रंगवला. पाठमोरा.
तो त्यापुढे कधी काही म्हणाला नाही.

आणि मी.
माझ्या उजव्या हाताचं एक बोट
विंचच्या दोराने नेलं, ग्रीनलंडच्या बाजूला,
जाळं भरलेलं होतं म्हणून कुणी थांबलं नाही,
मीही नाही.
म्हटलं, चित्रात तरी पाची दे, तुझं काय जातंय?
ती ब्रश पुसत राहिली.
चार बोटं दोन दिवसांत झाली.
जे नव्हतं
त्याला तीन आठवडे लागले.

सूर्य डोंगराआड जातो नोव्हेंबरात
आणि जानेवारी संपता संपता एका दुपारी
पोस्टाच्या छपरावर पाच मिनिटं टेकतो.
त्या दिवशी घरोघर पॅनकेक, कॉफी, शेजारी.
दिरलेव्ह त्या दिवशी काम बंद ठेवते.
आज सगळेच सुंदर दिसतात, म्हणते, काही उपयोग नाही.

मला एका बँकेने विकत घेतलं.
रेक्याविकला, सातव्या मजल्यावर, लांब टेबलाच्या टोकाला
पाच वर्षं मी त्यांच्या बैठकांना हजर होतो
कोट घालून, हात मांडीवर,
आणि एका शब्दाने कुणी मला विचारलं नाही.
मग तो ऑक्टोबर. बँक बुडाली.
मी बोटी बुडताना पाहिल्यात,
त्यात निदान आवाज असतो.
माझी बचत त्यातच होती, बायकोची पण.
जप्तीच्या यादीत मी एकशे चौदावा:
मासेमार, बसलेला. तेलरंग. फ्रेमला ओरखडा.

दिरलेव्हने जुनी व्हॅन विकली
आणि लिलावात मला सोडवून आणलं.
बोगुमिलाच्या भावाच्या ट्रकमधून, माशांच्या रिकाम्या पेट्यांत,
घोंगडीत गुंडाळून.
का, विचारलं, तर म्हणाली,
गुडघा चुकला होता.

शाळेत बेरीज करताना बाई म्हणायच्या
हातचा एक विसरू नका.
मी बोटांवर मोजायचो, तेव्हा पुरायची.
आता नऊवर आलो की थांबतो
आणि त्या मोकळ्या जागेकडे बघतो. तिने ती
मऊ करड्या रंगात अशी भरलीय
की थंडीत तिथे अजून ठणकतं,
चित्रात.

काल पुन्हा बोलावलं.
तिचाही हात आता कापतो, ब्रश मनगटाला फडक्याने बांधते.
माझं वय सत्तरीपुढे, कोट तोच.
बसलो. बर्फाच्या खोलीत आता खिडकी फोडलीय,
बाहेर बंदर, एक बोट, दोन टर्न पक्षी भांडत.
विचारलं, आज काय?
बराच वेळ बघत राहिली.
मग म्हणाली, आज कान.