उजवा बूट

कलामात माझं दुकान आहे, बस-स्टँडमागच्या गल्लीत.
वाळवंटाची धूळ दाराशी येऊन बसते,
पैसे न देणाऱ्या गिऱ्हाइकासारखी.
मी एर्मिंदा चोके. चाळीस वर्षं लोकांचे तळवे वाचते.

बूट खालून झिजतो.
दारुड्याचा वेगळा, गरोदर बाईचा वेगळा,
प्रेमात पडलेल्याचाही, पण ते मी सांगत नाही कुणाला.

नोल्बेर्तोचा उजवा बूट मात्र वरून फाटला होता.
अंगठ्यावर आडवी रेघ,
चामडं पांढरं पडेतो घासलेलं.
डावा जसाच्या तसा.
'लाथा कुणाला मारतोस?'
'मारत नाही, उचलतो,' म्हणाला
आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसला.

जूनमध्ये सेगुंदोचा तसाच बूट आला.
मग ओसोरियोचा. मग त्या पोराचा,
ज्याला अजून धड दाढीही येत नाही.
सगळे एकाच कंपनीचे, तेच पांढरे ट्रक,
बंदराकडे ॲसिड नेणारे.

चारही बूट मी फळीवर ओळीनं मांडले.
चार रेघा, एकाच उंचीवर.
तेव्हा पोरगं बोललं:
पेडल दाबलं की कधीकधी वर येतच नाही.
पाय काढला तरी इंजिन ओरडत राहतं,
समोर उतार, मागे अठ्ठावीस टन.
मग बुटाचं टोक खाली सारायचं आणि उचलायचं,
झोपलेल्या लेकराचा हात मानेवरून काढावा तसं,
फक्त घाईनं.

'साहेबांना सांगितलंत?'
लिहून दिलं. तीनदा.
नोल्बेर्तो म्हणाला, पायातलं पायातच राहू दे, बाई,
घराचे हप्ते आहेत.

ऑगस्टात कंपनीचा माणूस आला.
पेडल तपासलं, म्हणाला, पेडलमध्ये काही नाही.
चालकांचे तळवेच जाड.
चाळीस जोड, अर्धं बोट तासून द्या.
भाव चांगला देत होता.
मी फळी दाखवली.
त्यानं एकेक बूट उलटा केला
आणि तळवेच पाहिले.

मी नाही म्हटलं. काम बाजारातल्या मशीनवाल्यानं घेतलं.
यात माझा मोठेपणा नाही.
मी त्या रेघांवर ठिगळं शिवतच होते,
दुहेरी टाका, वरून मेण.
माझं ठिगळ टिकतं.
ते पेडलखाली जातं, उचलतं,
ट्रक पहाटे पुन्हा सुटतो,
आणि कुणालाच काही दुरुस्त करावंसं वाटत नाही.

पासष्टाव्या किलोमीटरला आता एक घर आहे, गुडघ्याएवढं,
रस्त्यावर गेलेल्यांसाठी बांधतात तसलं.
पाण्याच्या बाटल्या, वाकलेली नंबरपाटी.
त्या दिवशी ओसोरियो दुसरा जोड घालून गेला होता,
तासलेला, मऊ टोकाचा.
हा माझ्याकडे होता.
गुरुवारी ये, म्हटलं होतं मी.

अजून फळीवर आहे. शिवून तयार.
पैसे त्यानं आधीच दिलेत.